कमांडमधली काकडी

ऑफिसात तिला सगळे टिपणबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटतही नसे. कारण नाव ठेवणाऱ्यांपैकी प्रत्येक जण कधी ना कधी अडलेल्या चेहऱ्याने तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलेला होता. "टिपणबाई, मेल जात नाहीयेत." "टिपणबाई, साइट उघडतेय पण फोटो दिसत नाहीयेत." ती मान न वळवता म्हणायची, "थांब, लिहून ठेवलंय." आणि खरंच लिहून ठेवलेलं असायचं.

कंपनी लहानशी. छपाईच्या दुकानावरचे दोन हॉल, खालच्या मशीनची धडधड दिवसभर पायांतून जाणवायची. दवाखाने, वाचनालयं, शाळा अशा लोकांच्या वेबसाइट बनवायच्या आणि चालू ठेवायच्या हा धंदा. ही पानं जिथून येतात ते सर्व्हर म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या इमारतीत भाड्याने घेतलेली, कधीच बंद न होणारी मशीन. ती आजारी पडली की टिपणबाई त्यांना बरं करायची, आणि कसं बरं केलं ते एका फाइलीत लिहून ठेवायची.

ती मुळात इथे टायपिंगला लागली होती. शिकली ती शेजारी बसणाऱ्यांच्या खांद्यावरून डोकावून. शाळेपासून पाठांतरात कच्ची, त्यामुळे जे कळलं ते लगेच लिहून टाकायची सवय. वर्षं सरत गेली तसं फोल्डर फुगत गेलं. फाइलींची नावंही तिच्यासारखीच सरळ: "डिस्क भरली तर", "साइटवरचं कुलपाचं चिन्ह गेलं तर", "सगळं बरोबर आहे तरी चालत नाही". एका फाइलीचं नाव होतं "घाबरू नकोस, आधी चहा". आत कमांडच्या, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकुमांच्या, ओळी, आणि ओळींच्या मध्येमध्ये ती स्वतःलाच झापत असे. "मागच्या वेळी इथे स्वल्पविराम विसरलीस, बावळट." "हे का चालतं माहीत नाही, पण चालतं. हात लावू नकोस." "हे रविवारी करू नये. रविवारी तुझं डोकं घरी नसतं."

ही टिपणं दुसरं कुणी वाचेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

एका सोमवारी तिला स्क्रीनच्या कोपऱ्यात काळपट डाग दिसायला लागला. तिने स्क्रीन पुसली. मग चष्मा पुसला. दुपारी डाग वाढून पडद्यासारखा खाली लोंबायला लागला, तेव्हा ती शेजारच्या टेबलाकडे वळली. तिथे बसणारी मुलगी प्रत्येक साइट गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तपासायची, आणि प्रत्येक गोष्टीवर तिला शंका असायची, म्हणून तिचं नाव पडलं होतं शंकासूर.

"तुझीपण स्क्रीन घाण झालीय गं."

"ताई, माझी मी सकाळीच पुसलीय," शंकासूर म्हणाली. "डाग स्क्रीनवर नाहीये. चला, उठा."

"कुठे?"

"डोळे दाखवायला. पर्स घ्या. वाद घालू नका."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ उजेड टाकून बघितलं. मग खुर्ची मागे घेतली. "डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. वाचता कुठल्या डोळ्याने?"

"ह्यानेच. दुसरा लहानपणापासून आळशी आहे. माणसं दिसतात, अक्षरं नाही दिसत."

डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर बघितलं. "मग उद्या सकाळीच करू ऑपरेशन. पण खरं काम त्यानंतर आहे, आणि ते तुमचं आहे. भिंतीला कागद चिकटवला की वाळेपर्यंत दाबून धरतात ना? तसा मी आत वायूचा बुडबुडा भरणार. तो वर चढतो आणि पडदा दाबून धरतो. म्हणून तुम्ही आठवडाभर तोंड जमिनीकडे करून राहायचं. दिवसा, रात्री. जेवायला आणि बाथरूमला तेवढी सूट."

"आणि मधे मान वर केली तर?"

"तर पडदा परत सुटू शकतो. पुन्हा चिकटेलच असं मी सांगणार नाही."

ऑपरेशन पार पडलं. दवाखान्यात भेटायला कंपनीचे मालक आले. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेब एके काळचे प्रोग्रॅमर, पण आता गिऱ्हाइकांशी बोलणं आणि एसीचा रिमोट सांभाळणं एवढंच करत. त्यांनी शेवटची कमांड टाइप केली तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते.

"साहेब, रक्तपेढीचं कसं करायचं?" टिपणबाईने उशीत तोंड खुपसूनच विचारलं.

रक्तपेढीची साइट ज्या मशीनवर होती ते म्हातारं झालं होतं. मशीनवाल्यांनी कळवून टाकलं होतं की शुक्रवारी संध्याकाळी ते कायमचं बंद होणार. नवं मशीन घेऊन ठेवलं होतं, पण रिकामं. जुन्यावरचं सगळं नव्यावर हलवायचं काम ह्याच आठवड्यात तिच्या हातून व्हायचं होतं. त्यात साइटची पानं गेली तरी परत करता आली असती. पण रक्तदात्यांची यादी, कुणाचा कुठला गट, कुणाचा फोन नंबर, कुणी शेवटचं कधी दिलं, ती जगात फक्त तिथेच होती. बॅकअप होता, पण त्याच मशीनवर, बाजूच्या डिस्कवर. "बॅकअप दुसरीकडे हलवणे" असं टिपणबाईने एका फाइलीत लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, "लवकरच."

"तू डोळा सांभाळ," साहेब म्हणाले. "तुझी टिपणं आहेत की. त्यावरून आम्ही करतो."

ऑपरेशनच्या वेळीही जी भीती वाटली नव्हती ती तिला तेव्हा वाटली.

टिपणबाईचा नवरा गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ लोक त्याला मास्तर म्हणत, आणि ऐकून ऐकून घरातही तेच नाव चिकटलं होतं. त्याने ओळखीच्या मालिशवाल्याकडून तोंडापुरतं भोक असलेलं टेबल आणलं, खिडकीजवळ मांडलं आणि तिला त्यावर पालथं घातलं. भोकातून तिला फरशी दिसे आणि येणारे-जाणारे पाय.

"मास्तर, तुझ्या मोज्याला भोक पडलंय."

"आळशी डोळ्याला हे बरं दिसतं."

"अक्षर नाही ना ते."

दोन दिवस असेच गेले. मान आखडली, खांदे भरून आले, झोप म्हणून लागेना. साहेबांचं मात्र "उद्या करतो, उद्या करतो" चाललं होतं. अखेर शुक्रवार उजाडला, तेव्हा कुठे साहेब बाह्या सरसावून बसले. मास्तरने फोन स्पीकरवर टाकून टेबलाखाली, बरोबर भोकाच्या खाली ठेवला.

"सुरुवात केली बघ," साहेबांचा आवाज फरशीवरून आला. "पहिल्या तीन पायऱ्या झाल्या. आता लिहिलंय, 'मग नेहमीप्रमाणे'. नेहमीप्रमाणे काय?"

"नेहमीप्रमाणे म्हणजे... नेहमीप्रमाणे, साहेब."

"अगं, पण मी नेहमी नसतो ना इथे."

टिपणबाईने डोळे मिटले आणि टेबलाच्या कडेवर बोटं चालवली, जणू समोर कीबोर्ड आहे. बोटं कुठे जातात ते बघून तिला आठवलं. "साइटवर 'काम चालू आहे' असा फलक लावायचा. म्हणजे आपण हलवत असताना मधेच कुणी नवी नोंद करणार नाही."

"हे लिहायला काय झालं होतं?"

"मला माहीत होतं म्हणून नाही लिहिलं."

मागून शंकासूरचा आवाज आला. "ताई, पुढे लिहिलंय, 'इथे रडायचं नाही.' हीपण पायरी आहे का?"

"ते सोडून द्या. पुढे जा."

पुढे दहा-पंधरा मिनिटं सगळं सुरळीत चाललं. "आता एवढी एक मोठी ओळ राहिली," साहेब म्हणाले, "ती मी नीट बघून टाकतो. तू आराम कर." मास्तरने तिच्या डोळ्यात औषध घातलं, पट्टी बदलली, आणि आवाज ऐकत असतानाच ती दोन दिवसांच्या जागरणाच्या भाराने झोपून गेली.

जाग आली तेव्हा फरशीवरचं ऊन सरकून भिंतीपाशी गेलं होतं. फोन खाली नव्हता.

"मास्तर? फोन कुठेय?"

"माझ्याकडे. सारखा थरथरत होता."

"मग उठवायचं नाही?"

"ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा घोरलीस," मास्तर म्हणाला. "उठवायची हिंमत नाही झाली."

"लाव आधी फोन."

साहेबांनी पहिल्याच घंटेला उचलला. मघाचा रुबाब पार उतरला होता. "अगं, काही चालत नाहीये. तुझी ती मोठी ओळ दर वेळी मशीन परत तोंडावर फेकतंय. जेवलोसुद्धा नाही मी. थोड्या वेळात ते लोक जुन्या मशीनचा प्लग काढणार. तू येतेस का? खाली मान घालूनच बस, मी खुर्ची देतो, फक्त दोन मिनिटं..."

ही मशीन फक्त ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरूनच उघडत. ती व्यवस्था तिनेच केली होती, सुरक्षिततेसाठी. घरून करायची सोय नव्हती.

"मास्तर, गाडी काढ."

"वेड लागलंय का?"

"मला बघायची गरज नाही. बोटांना पाठ आहे सगळं. तू वाचून दाखव, मी टाइप करते. झालं."

"आणि डोळा?"

"अरे, कुणाला रक्त लागलं तर तिथली नर्स फोन कुणाला करणार? यादीच नसली तर?" बोलता बोलता तिने दोन्ही हात टेबलावर रोवले. खांदे उचलले गेले. डोक्यात रक्त धावल्याचं तिला जाणवलं.

मास्तरचे पाय टेबलाजवळ येऊन थांबले. त्याने तिच्या मानेवर तळहात ठेवला, दाबला मात्र नाही. "ऐक. शिकाऊ माणूस घाबरला की जोरात अॅक्सिलेटर दाबतो. म्हणून आमच्या गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तो मी आता दाबतोय. आधी साहेबांना विचार, नक्की काय लिहिलंय. ऐकून तुला वाटलं जायलाच हवं, तर मी स्वतः नेईन. वाटेत एक शब्द बोलणार नाही."

ती तशीच राहिली, अर्धी उचललेली. मग हळूहळू तिने खांदे खाली सोडले आणि तोंड भोकात परत ठेवलं.

"साहेब, ओळ वाचा. एकेक शब्द. जसा आहे तसा."

साहेब वाचायला लागले. कॉपी करण्याची कमांड बरोबर होती. तिच्या मागची अक्षरं बरोबर होती. "मग नव्या मशीनचा पत्ता. मग जुन्या मशीनचा पत्ता."

"थांबा. आधी कुठला?"

"नव्याचा. तू तिथे नुसतं 'इकडे' आणि 'तिकडे' लिहिलंयस, पत्ते मी भरले. जिथे ठेवायचं ते आधी, आणायचं जिथून ते नंतर. आम्ही शिकलो तेव्हा डावीकडच्यात उजवीकडचं जायचं."

टिपणबाईने टेबलाच्या कडा घट्ट धरल्या. "साहेब, ह्या कमांडमध्ये उलटं असतं. आधी लिहिलंय ते ती खरं मानते. आणि दुसऱ्या ठिकाणी त्याहून जास्तीचं जे सापडेल ते पुसून टाकते. म्हणजे तुम्ही रिकामं मशीन खरं मानायला सांगितलंत आणि भरलेलं पुसायला सांगितलंत. बाजूच्या डिस्कवरच्या बॅकअपसकट."

पलीकडे साहेबांची खुर्ची करकरली.

"किती वेळा चालवलीत ही ओळ?" तिने विचारलं.

"दुपारभर तेच करतोय," साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"आणि मशीन काय म्हणतंय?"

"एकच धोशा लावलाय त्याने. काकडी म्हणजे काय, ते मला माहीत नाही, म्हणतंय."

"काय?"

"काकडी गं. तुझ्या ओळीत मधेच आहे ना, दोन रेघा मारून, इंग्रजी अक्षरांत. तो शब्द वाचायचा राहिला. ती काकडी ह्या मशीनवर बसवलेली नाहीये. मी सगळं इंटरनेट पालथं घातलं, कुठे डाउनलोडला मिळत नाही. तू कुठून आणली होतीस?"

मास्तर खाली वाकला. "साहेब, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे बघितलंत का?"

आणि टिपणबाईला हसू फुटलं. पोटापासून आलं, टेबल हलायला लागलं. मास्तर तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून म्हणत होता, "हळू, हळू, डोकं स्थिर ठेव," आणि ती फरशीकडे तोंड करून हसत होती आणि नाकातून पाणी गळत होतं.

"ती कमांड नाहीये साहेब," श्वास सापडल्यावर ती म्हणाली. "ती खरीच काकडी आहे. मीच घातलीय."

मग तिने सांगितलं. खूप वर्षांपूर्वी, दुसऱ्या ऑफिसात, एका हुशार माणसाने स्वतःच्याच टिपणातली ओळ विचार न करता उचलून चिकटवली होती आणि एका वाचनालयाची सगळी पुस्तकं साइटवरून धुऊन टाकली होती. तेव्हापासून टिपणबाई ज्या ओळीने काही पुसलं जाऊ शकतं अशा प्रत्येक ओळीत एक भाजी घालून ठेवायची. कुठे मुळा, कुठे गाजर, कुठे काकडी. मशीनला भाजी कळत नाही, ते अडतं. दाताखाली खडा आला की माणूस चावायचा थांबतो, तसं. मग ती ओळ पुन्हा नीट वाचायची, कुठून कुठे ते बघायची, भाजी काढायची आणि मगच एंटर. हाताला इतकं सवयीचं झालं होतं की सांगायचं सुचलंच नाही.

"अगं, मग तसं लिहून ठेवायचं कुठेतरी," साहेब म्हणाले. आवाजात जीव परत आला होता.

"मला माहीत होतं ना."

"आणि मला कसं कळणार? आजकाल कशालाही काहीही नाव देतात. पायथन म्हणजे अजगर, त्याच्या नावाने प्रोग्रॅमिंगची अख्खी भाषा चालते, मग काकडीनेच काय घोडं मारलंय?"

"ताई," शंकासूर मध्येच बोलली, जरा घाबरल्यासारखी, "मी साहेबांना दोनदा म्हटलं होतं, तो शब्द काढून बघू या."

"मग का नाही काढला?"

"साहेब म्हणाले, टिपणात आहे तसंच करायचं. टिपणबाईचा एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही."

टिपणबाईला साहेबांची दया आली, रागही आला, आणि त्यांच्या टकलावर हात फिरवावासा वाटला.

"शंकासूर, तू बस कीबोर्डवर," ती म्हणाली. "साहेब, तुम्ही मोठ्याने वाचा. मी सांगते ते आणि तेवढंच."

एकेक शब्द फरशीवरून वर आणि वरून फरशीवर गेला. जुना आधी, नवा नंतर. शंकासूरने तीच गोष्ट तीन वेगवेगळ्या तऱ्हेने विचारली, आणि ह्या वेळी कुणी तिला गप्प केलं नाही. शेवटी टिपणबाई म्हणाली, "आता काकडी काढ." मग म्हणाली, "एंटर."

"चाललंय," शंकासूर म्हणाली. "नावं सरसर जातायत वर."

मास्तर फरशीवर मांडी घालून फोनशेजारी बसला होता. त्याला ह्यातलं काही कळत नव्हतं, पण पहिल्यांदा उलटी गाडी काढणाऱ्या एखाद्या पोराकडे बघावं तसा तो फोनकडे बघत होता.

"झालं," शंकासूर म्हणाली. "थांबा, झालं असं मशीन म्हणतंय. मी बघते." कळा वाजल्या. "नव्या मशीनवर माझं नाव शोधलं. मी मागच्या वर्षी रक्त दिलं होतं. नाव आहे, गट आहे, नंबर माझाच आहे. आता शेवटच्या दात्याचं बघते. आहे. मधलं कुठलंतरी बघते. आहे."

"आता पुरे कर," साहेब म्हणाले. "मला चक्कर येईल. मी काहीतरी खातो आधी."

संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. "जुनं मशीन गेलं. आणि साइट चालू आहे. मी घरून उघडून बघितली. शंकासूरनेही तिच्या घरून बघितली, ती अजून बघतेय."

पुढचे दिवस फोन फारसा वाजला नाही. एकदा शंकासूरने विचारलं, "ताई, मुळा असलेल्या ओळीत मुळा कुठे संपतो?" आणि उत्तर मिळाल्यावर ठेवून दिला. टिपणबाईला आधी बरं वाटलं, मग जरा चुकल्यासारखं वाटलं. माझ्यावाचून चाललंय की काय, असं मनात आलं. मग फरशीकडे बघता बघता लक्षात आलं, की चालतंय हेच तर बरं आहे. नाहीतर त्या दिवशी उठून गेलीच असती ती.

आठवडा संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा उजेड टाकून बघितलं. ह्या वेळी खूपच वेळ बघितलं. मास्तर भिंतीला टेकून उभा होता आणि उजव्या पायाने तिथे नसलेला ब्रेक दाबत होता.

"चिकटलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छान चिकटलाय. मधे मान वर केली नव्हतीत वाटतं."

"एकदा करणार होते."

"नाही केलीत ना? बस झालं. बुडबुडा विरेपर्यंत उताणं तेवढं झोपू नका. कुशीवर झोपा, बसा, चाला."

डोळ्यात अजून बुडबुडा होता, त्याच्या खालचं सगळं डुचमळत होतं. पण वरच्या कडेला एक स्वच्छ पट्टी उघडली होती, आणि त्या पट्टीतून तिला डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावरच्या तक्त्यातली सर्वांत मोठी ओळ दिसली. तिने ती वाचली. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. मग मास्तरकडे मान वळवून पुन्हा वाचली, जरा मोठ्याने.

मास्तरने तिची पर्स उचलली आणि तो दार धरून उभा राहिला.

घरी आल्यावर तिने साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, "पुढचा आठवडाही येऊ नकोस. आलीस तर शंकासूर तुला प्रश्न विचारून मारेल." तिने फोन उशीशेजारी ठेवला, मग विचार करून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. मास्तर मालिशवाल्याचं टेबल घडी घालून जिन्याकडे नेत होता. ती पलंगावर बसली, चष्मा काढला, डाव्या कुशीवर वळली आणि त्याचे पाय जिना उतरून खाली पोचायच्या आतच झोपून गेली.